फलक चार पुन्हा छापायचा: एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

12 डिसेंबर 2024, गुरुवार

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, यंदा 8 मार्चचा महिला दिन तुमच्याकडे. अंदाजपत्रक सहा हजार रुपये. गेल्या वर्षी रांगोळी होती, त्याआधी पाककला. आमच्या कॉलेजात 'स्त्री-अभ्यास कक्ष' अशी पाटी आहे, पण पाटीमागे खोली नाही. खेळाच्या साहित्याच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे आणि त्याची किल्ली ग्रंथपाल सरांकडे असते. कक्ष म्हणजे ते कपाट.

मी म्हटलं, प्रदर्शन करू. बारा फलक. विषय: स्त्री-अभ्यास विद्यापीठात कसा आला आणि कसा वाढला. प्राचार्य म्हणाले, "आपल्या मुलींना त्याचं काय?" याचं उत्तर टी.वाय.च्या वर्गानं मला आधीच दिलं होतं. लिंगभावाचा, म्हणजे 'जेंडर'चा, पेपर शिकवताना पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, हा विषय कुणी काढला? सरकारनं काढला का?" अर्थशास्त्र कुणी काढलं, हे आजवर मला कुणी विचारलेलं नाही.

गट ठरला. तीन मुली आणि एक मुलगा. तो सुट्टीत लग्नपत्रिकांचं डिझाइन करतो, म्हणून मांडणी त्याच्याकडे. मी स्वतः तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे, पद कायम नाही. पुढच्या जूनमध्ये हे कपाट कुणाच्या ताब्यात असेल सांगता येत नाही. त्या माणसासाठी या नोंदी ठेवते आहे.

16 डिसेंबर, सोमवार

मुलानं पहिला आराखडा आणला. मोठं झाड, मुळाशी सावित्रीबाई, खोडावर महर्षी कर्वे, फांद्यांवर विभाग. सुबक आहे. सगळ्यांना आवडलं, मलाही. पण खोडापाशी गाडं अडलं.

कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं 1916 मध्ये. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हातात पडली आणि त्यातून ही कल्पना धरली. हिंगण्याला सुरुवात झाली. शिकवायचं मातृभाषेत, इंग्रजी एक विषय म्हणून. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपण सगळे एसएनडीटी म्हणतो. त्यातल्या 'एन' म्हणजे एक बाई होत्या, हे आमच्या चौघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पदवीचं नाव वाचून मुली खूश झाल्या. बी.ए. नव्हे, गृहीतागमा. जिनं आगम, म्हणजे विद्या, ग्रहण केली ती. एम.ए. म्हणजे प्रदेयागमा. एकीनं लगेच वहीवर आपल्या नावापुढे 'जी.ए.' लिहून पाहिलं.

अडचण पुढेच आहे. त्याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं संशोधन एकक सुरू झालं 1974 मध्ये. मधे 58 वर्षं. म्हणजे बायकांचं विद्यापीठ होतं, वर्गात बायका होत्या, पुढे शिकवायलाही बायका आल्या, आणि तरी बायकांचं जगणं हा अभ्यासाचा विषय नव्हता. बायकांना शिकवणं आणि बायकांविषयी प्रश्न विचारणं ही दोन वेगळी कामं आहेत. सुरुवातीच्या काळात तर चांगली गृहिणी, चांगली माता घडवणं हाच उघड हेतू होता. कर्व्यांना कमी लेखायचं नाही. 1893 साली विधवेशी लग्न करून ज्यानं वाळीत पडणं पत्करलं, त्या माणसाकडे बोट दाखवायला माझ्याकडे बोट नाही. पण झाडाच्या खोडातून 58 वर्षं फांदीच फुटली नाही, हे चित्रात कसं काढायचं? मुलगा म्हणाला, खोड लांब काढू.

22 डिसेंबर, रविवार

आत्याकडे मुंबईला गेले होते. ती बँकेतून निवृत्त झाली, आता गुडघ्यांनी घरात बसवलंय. तिला म्हटलं, "आत्या, 1972 चा लाटणं मोर्चा तुला आठवतो का?" तर म्हणाली, "आठवायचं काय त्यात, आमच्या चाळीतनं पाच जणी गेलो होतो. मी लाटणं नेलं आणि परत येताना कुणाचं भलतंच घेऊन आले. अजून घरात आहे."

आहे खरंच. एका टोकाला चीर गेलेलं. फोटो काढला.

मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी महागाई प्रतिकार समिती उभी केली ती दुष्काळाच्या दिवसांत. लाटणं मोर्चा तिचाच. तेल मिळेना, साखर मिळेना, रेशनच्या रांगा. त्याच सुमारास तिकडे शहाद्याला आदिवासी बाया दारूचे गुत्ते फोडत होत्या. इथे विद्यापीठाचा कसलाही संबंध नव्हता. निदान अजून नव्हता.

परतीच्या एसटीत विचार केला, झाडाचं मूळ जमिनीत असतं, पण इथे सगळं बाहेरून येतंय. कुणीतरी दार वाजवतंय आणि आतल्यांना उठावं लागतंय. आत्याला निघताना विचारलं, "तुम्हाला तेव्हा वाटलं होतं का, की यावर कुणी कॉलेजात शिकवेल?" ती म्हणाली, "बाई गं, आम्हाला तेल हवं होतं."

25 डिसेंबर, बुधवार

सुट्टी. मनुस्मृती-दहनाचा दिवस, महाड, 1927. 1996 मध्ये चंद्रपूरच्या दलित महिला परिषदेतून हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळण्याची हाक दिली गेली. फलकावर कुठे बसवायचं ते नंतर ठरवू. विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवलं.

3 जानेवारी 2025, शुक्रवार

नायगावला गेलो. सावित्रीबाईंचं जन्मगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. जादा एसटी, पिवळे फेटे, शाळांच्या रांगा, भाषणांचे कर्णे. घराच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. पाठोपाठ दोन सेल्फी झाल्या आणि गटातली फलटणकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, आपण यांना मुळाशी टाकलंय. पण यांना कुणी विभागात घेतलं का कधी? म्हणजे लगेच?"

लगेच नाही. हे तिला सांगितलं आणि येताना पूर्ण रस्ताभर तेच बोलत राहिलो. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी, 1855 मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकात निबंध लिहिते: मांग-महारांच्या दुःखाविषयी. ताराबाई शिंदे बुलढाण्याहून 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहितात. ते पुस्तक नंतर विस्मरणात जातं आणि 1975 साली स. गं. मालशे ते पुन्हा छापतात. 93 वर्षांनी. म्हणजे ज्यांना आपण मूळ म्हणतो त्यांना खोड-फांद्यांनी नंतर शोधून काढलं. असं झाड मी पाहिलेलं नाही.

खर्च: एसटी सवलतीमुळे मुलींना अर्धं तिकीट. मुलाला पूर्ण. त्यानं दिवसभर यावर विनोद केले.

9 जानेवारी, गुरुवार

फलक तीन: 972 आणि 930. बाकी जवळजवळ काही नाही.

1971 मध्ये केंद्र सरकारनं स्त्रियांच्या दर्जाविषयी एक समिती नेमली. फूलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव, समितीत लीला दुबे, लतिका सरकार, मुंबईच्या कामगार पुढारी मणिबेन कारा. अहवाल आला डिसेंबर 1974 मध्ये. नाव 'टूवर्ड्‌स इक्वॅलिटी', समतेकडे. स्वातंत्र्याला सत्तावीस वर्षं झालेली, राज्यघटनेत समानता लिहिलेली, शिकलेल्या बायकांना वाटत होतं की गाडी हळू का होईना पुढे चाललीये. अहवालानं जनगणनेचे आकडे मांडले. 1901 मध्ये हजार पुरुषांमागे 972 स्त्रिया. 1971 मध्ये 930.

शिकलेल्या, विद्यापीठात शिकवणाऱ्या बायकांना या आकड्यांनी हलवलं. आपण कशावर शिकवतो आहोत आणि आपल्याला काय दिसलंच नाही, हा प्रश्न उभा राहिला. अहवाल तयार करणाऱ्यांपैकीच काही जणींनी पुढे 1980 मध्ये दिल्लीत स्त्रियांच्या विकासाच्या अभ्यासाचं केंद्र काढलं.

वर्गात आकडे फळ्यावर लिहिले. मागून एक जण म्हणाला, "बेचाळीसचाच फरक आहे." फलटणकडच्या मुलीनं वळून म्हटलं, "तुझ्या वर्गात हजार पोरं असती आणि बेचाळीस पोरी एकदम यायच्या बंद झाल्या असत्या, तर तुला कळलं नसतं?" हे फलकावर घ्यायचं का? घेतलं नाही. पण इथे राहू दे.

13 जानेवारी, सोमवार

फलक चार. नीरा देसाई. जन्म 1925, गुजराती घर, मुंबई, 1942 च्या चळवळीत उतरलेली विद्यार्थिनी. आधुनिक भारतातल्या स्त्रीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1957 चं. या विषयाला नाव नव्हतं तेव्हापासून त्या तो करत होत्या. एसएनडीटीत समाजशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी 1974 मध्ये स्त्री-अभ्यासाचं संशोधन एकक उभं केलं. भारतातल्या विद्यापीठातलं या प्रकारचं पहिलं. अहवाल यायच्या वर्षातच. मैत्रेयी कृष्णराज यांनी पुढे ते चालवलं, वाढवलं. मुंबईपुरतंच राहिलं नाही. गुजरातेत उदवाड्याला गावातल्या बायकांबरोबर काम सुरू झालं. 1988 मध्ये या दोघी आणि सी. एस. लक्ष्मी यांनी मिळून 'स्पॅरो' हे बायकांचे आवाज आणि चित्रं जपणारं संग्रहालय काढलं.

मला यात आवडतो तो क्रम. आधी संशोधन, मग अभ्यासक्रम. शिकवायला पुस्तकंच नव्हती, ती आधी तयार करावी लागणार होती. आमच्याकडे उलटं. पेपर आधी आला, पुस्तकं अजून कपाटात यायची आहेत.

18 जानेवारी, शनिवार

आजचा दिवस जड गेला.

फलक पाच मथुरा प्रकरणाचा. मुलींनी घ्यायला हवा म्हटलं, मुलगा गप्प होता. मार्च 1972, देसाईगंज पोलीस चौकी, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा नावाची आदिवासी अल्पवयीन मुलगी, दोन पोलीस, बलात्काराचा आरोप. सत्र न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा एकूण सूर.

मग 16 सप्टेंबर 1979 रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. त्यांनी विचारलं ते सोपं होतं. शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक नाही का? मुंबईत 1980 मध्ये बायका एकत्र आल्या, बलात्कारविरोधी मंच तयार झाला, मोर्चे निघाले. 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीत असा गुन्हा घडला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयानं तसं गृहीत धरायचं.

पत्र लिहिणारे मास्तर होते, ही गोष्ट मला या फलकावर ठळक हवी आहे. वर्गात शब्दांची फोड करणं, संमती म्हणजे काय, शरणागती म्हणजे काय, हे कुणाला पुस्तकी वाटेल. त्या फोडीतूनच कायद्यात एक ओळ आली. आणि उलट दिशेनंही झालं: या प्रकरणानंतर स्त्री-अभ्यासाच्या वर्गात कायदा, पोलीस, हिंसा हे विषय टाळता येईनात.

मुलानं शेवटी विचारलं, "तिचं पुढं काय झालं, हे कुठल्या फलकावर आहे?" कुठल्याच नाही. तिच्यामुळे कायदा बदलला, पण विभागांच्या इतिहासात ती फक्त प्रकरण म्हणून येते. मुलगा काही न बोलता पाणी प्यायला गेला. फलकावर फोटो नाही, चित्र नाही, फक्त तारखा, असं त्यानंच परत येऊन ठरवलं.

23 जानेवारी, गुरुवार

एप्रिल 1981, एसएनडीटी, मुंबई: स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद. त्यातून 1982 मध्ये भारतीय स्त्री-अभ्यास संघटना. हा फलक सहा. वेगवेगळ्या विद्यापीठांत एकेकट्या पडलेल्या बायकांना कळलं की आपण एकट्या नाही.

फलक सातसाठी मला हवी असलेली कडी मिळाली. एसएनडीटीच्या कुलगुरू राहिलेल्या माधुरी शहा 1981 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या आणि 1986 पर्यंत होत्या. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्त्री-अभ्यासाला उत्तेजन देऊ असं लिहून आलं आणि आयोगानं विद्यापीठांतून केंद्रं काढण्याची योजना आणली. पुण्याचं केंद्र 1987 चं. ते उभं करण्यात विद्युत भागवत यांचा मोठा वाटा. आज नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्र. केंद्राला सावित्रीबाईंचं नाव आधी लागलं, अख्ख्या विद्यापीठाला 2014 मध्ये.

गटाला तीन शब्द पाठ करून घेतले: एकक, केंद्र, विभाग. लोक सरसकट 'विभाग' म्हणतात. पण एकक म्हणजे एक-दोन माणसं आणि संशोधनाचं काम. केंद्र म्हणजे योजनेतून आलेला पैसा, योजनेइतकीच खात्री. विभाग म्हणजे मंजूर पदं, अभ्यास मंडळ, स्वतःची पदवी. एक पायरी चढायला वर्षानुवर्षं लागतात, आणि पाटी बदलली म्हणजे चढलो असं नाही. आमच्या कपाटाकडे बघून गटातली एक मुलगी म्हणाली, "आपण अजून एककसुद्धा नाही."

1 फेब्रुवारी, शनिवार

'जेंडर'ला मराठीत काय म्हणायचं यावर अख्खा दुपारचा वेळ गेला आणि तो सगळ्यात चांगला गेला.

पुस्तकांत लिंगभाव आहे. पहिल्या तासाला 'लिंग' म्हटलं की वर्ग खाली मान घालून हसतो. पण याच मुलांनी पाचवीपासून व्याकरणात लिंग, वचन, विभक्ती घोकलेलं आहे, तेव्हा कुणी हसलं नव्हतं. मग मी व्याकरणातूनच शिरले. तो खांब, ती भिंत, ते दार. खांब पुरुष का? त्याला काय मिशा आहेत? आपण ठरवलं म्हणून. नदी ती, समुद्र तो. चमचा तो आणि चमची ती, कारण ती लहान. लोटा तो, लोटी ती. डबा, डबी. दोरा, दोरी. मुलींनी झपाट्यानं यादी वाढवली. लहान, नाजूक, हलकं ते सगळं 'ती'त. मग फलटणकडची थांबली आणि म्हणाली, "आणि पोळपाट तो, लाटणं ते. त्यात आपलं काहीच नाही, आणि लाटतो आपणच."

शरीर निसर्गाचं आणि 'भाव' आपण चढवलेला, ही फोड इंग्रजीपेक्षा मराठीत लवकर कळते असं माझं मत झालंय. 'भाव' शब्दात बाजारभावही आहे. कशाला किती किंमत, हेही त्यातच येतं. शब्दकोशवाले मान्य करणार नाहीत, वर्गानं केलं.

नावाचा वाद मोठ्या विद्यापीठांतही झाला आहे. नुसतं 'स्त्री-अभ्यास' ठेवायचं की 'लिंगभाव' जोडायचं? जोडलं तर पुरुषत्वाचा अभ्यास येतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली, त्या माणसांना जागा मिळते. जुन्या कार्यकर्त्या बायकांना धास्ती वाटते की पाटीवरून 'स्त्री' पुसली जाईल आणि खाली नुसतं तटस्थ शास्त्र उरेल. मला दोन्ही पटतं. फलकावर दोन्ही पाट्या शेजारी शेजारी, बाण नाही.

7 फेब्रुवारी, शुक्रवार

झाड काढून टाकलं.

कारण फलक नऊ. 1989 मध्ये मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेऊन इतिहास लिहिला: 'आम्हीही इतिहास घडवला'. ग्रंथपाल सरांनी कपाटातून प्रत काढून दिली. मी शीर्षक मोठ्यानं वाचलं आणि पहिल्या बाकावरची म्हणाली, "यात 'ही' महत्त्वाचा आहे."

हेच ते. 'आम्ही' नव्हे, 'आम्हीही'. विद्यापीठ म्हणालं आम्ही समाज शिकवतो. बायका म्हणाल्या, आम्हीही आहोत त्यात. मग बायकांचा अभ्यास सुरू झाला. दलित बायका म्हणाल्या, तुमच्या 'स्त्री'त आम्हीही आहोत का? शांताबाई कांबळे, बेबी कांबळे, कुमुद पावडे, उर्मिला पवार यांनी आपापली आयुष्यं लिहिली होती. वाचक साहित्य म्हणून वाचत होते, अभ्यासक्रमवाले पुरवणी वाचन म्हणून. पुण्याच्या केंद्रातल्या शर्मिला रेगे म्हणाल्या, हे पुरवणी नाही, इथूनच सुरुवात करायला हवी. 1998 मधला त्यांचा दलित स्त्रीवादी भूमिकेवरचा लेख आणि 2006 चं पुस्तक या दोन्हींनी देशभरच्या स्त्री-अभ्यासाला विचारलं की तुमच्या विषयात जात कुठे आहे? त्या स्वतः दलित नव्हत्या, आणि त्यांचं म्हणणं असं की जो त्या जागेवरून बघायला शिकेल त्याला ते करता येईल, करावंच लागेल. यावर वाद झाले, अजून होतात.

फलक दहाही त्यांचाच. पुण्याच्या वर्गात गावाकडून, मराठी माध्यमातून, घरातलं पहिलंच कॉलेज शिकणारं पोरगं-पोरगी येऊ लागली. वाचायचं सगळं इंग्रजीत. मुलांची तयारी कमी आहे म्हणणं सोपं होतं. रेगे आणि त्यांचे सहकारी उलट बाजूनं गेले: शिकवणारे कमी पडताहेत, भाषांतर करा, मराठीतून साहित्य तयार करा, वर्गाची रीत बदला. 2010 च्या लेखात त्यांनी फुल्यांच्या 1855 च्या नाटकाचं नाव घेऊन शिक्षणाला 'तृतीय रत्न' म्हटलं. 13 जुलै 2013 ला त्या गेल्या तेव्हा 48 वर्षांच्या होत्या.

मी असल्याच मराठी माध्यमाच्या बाकावरून आले आहे. हे लिहिताना जरा थांबले.

तर झाड रद्द. आता प्रत्येक फलकावर वर एक ओळ: 'आम्हीही', आणि खाली ते कोण म्हणालं. मुलगा म्हणाला, झाडाला आठ तास लागले होते. त्याला वडापाव दिला.

14 फेब्रुवारी, शुक्रवार

11 तारखेपासून बारावीची परीक्षा. आमचं कॉलेज परीक्षा केंद्र, त्यामुळे सभागृह बंद. 8 मार्चला प्रदर्शन वाचनकक्षात. बारा फलक बसणार नाहीत, दोन जिन्यात लावावे लागतील. ग्रंथपाल सर म्हणाले, खिळा ठोकायचा नाही. सुतळी.

20 फेब्रुवारी, गुरुवार

फलक अकरा पैशाचा. प्राचार्यांना नको होता. मी ठेवला.

विद्यापीठ अनुदान आयोगाची केंद्रं पंचवार्षिक योजनेच्या पैशावर चालत आली. एक टप्पा संपला की दुसऱ्यासाठी अहवाल, तपासणी, मुदतवाढ. 31 मार्च 2017 ला बारावी योजना संपली आणि त्यानंतर देशात पंचवार्षिक योजनाच राहिल्या नाहीत. देशभरच्या दीडशेहून अधिक केंद्रांना प्रश्न पडला, की आपण आता कशाखाली? मुदतवाढीची पत्रं येत राहिली, थोड्या थोड्या महिन्यांची. तीस वर्षं काम केलेल्या केंद्रातली माणसंही कंत्राटावरच. जिथे विद्यापीठानं किंवा राज्यानं पदं आपल्याकडे घेतली तिथे विभाग टिकला. बाकीच्या जागी पाटी टिकली.

आणि वाढीचा दुसरा गुंता. एम.ए. करता येतं, पीएच.डी. करता येते, अध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेच्या यादीत स्त्री-अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. पण माझ्यासारख्या कॉलेजात या विषयाचं पदच नसतं. तो समाजशास्त्रवाल्यानं, मराठीवाल्यानं, कुणीतरी शिकवायचा. विषय वाढला वरच्या मजल्यावर, तळमजल्यावर तासिका.

हे शेवटचं वाक्य फलकावरून काढलं. रागाचं होतं.

3 मार्च, सोमवार

छपाई. 3 बाय 4 फुटांचे बारा फलक, चौरस फुटाला 15 रुपये, एकूण 2,160. दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड टाकला की जोडाक्षरं फुटतात. बारा फलकांवर 'स्त्री' एकसष्ट वेळा आहे आणि एकसष्ट वेळा फुटला. कुठे 'सत्री', कुठे नुसताच 'स'. मुलानं रात्री दीडपर्यंत बसून प्रत्येक शब्द चित्र म्हणून चिकटवला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, महिला लिहा ना. महिला फुटत नाही."

8 मार्च, शनिवार

दहाला उघडलं. परीक्षेमुळे आवाज बंदी, त्यामुळे भाषणं झाली नाहीत, हे बरं झालं. लोक वाचत होते.

गर्दी दोन ठिकाणी. गृहीतागमापाशी फोटो काढायला, आणि आत्याच्या लाटण्यापाशी. लाटणं काचेच्या पेटीत ठेवलं होतं, ती पेटी रसायनशास्त्राकडून उसनी. मथुराच्या फलकापाशी मुलं थांबत, मुली थांबत, पण एकत्र थांबत नव्हती.

कँटीनच्या मावशी दुपारी आल्या. चष्मा नव्हता म्हणून फलटणकडच्या मुलीनं वाचून दाखवलं. परिषदेच्या फलकापाशी मावशींनी विचारलं, "देशातनं एवढ्या बाया आल्या, पाच दिवस ऱ्हायल्या. मग रांधलं कुणी?" मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी सुतळी सारखी करत राहिले. नंतर तिनं एक कार्ड घेतलं, वर 'आम्हीही' लिहिलं, खाली मावशींचा प्रश्न जसाच्या तसा, आणि फलक सहाला स्टेपल केलं. खिळा नव्हता, म्हणून ग्रंथपाल सरही काही बोलले नाहीत.

प्राचार्य अकराव्या फलकापाशी बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "तासिकांची बिलं कधीची राहिलीत तुमची?"

10 मार्च, सोमवार

आवराआवर. फलक गुंडाळून कपाटात. मागच्या माणसाचा रांगोळीचा सगळा रंग बाहेर काढावा लागला.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं फलक चारवर बॉलपेननं गोल केला आहे. मी मथळा दिला होता, '1974: पहिला विभाग'. बाजूला तिनं लिहिलंय: 'एकक!' तीन शब्द मीच पाठ करून घेतले होते. बारा जणांनी प्रूफं बघितली होती, त्यात मी दोनदा.

राहिलेली कामं: फलक चार पुन्हा, 180 रुपये. लाटणं आत्याला परत. पेटी रसायनशास्त्राला. फलक सहा मावशींच्या कार्डासकट ठेवायचा, कार्ड काढायचं नाही. दुकान आज बंद आहे, उद्या जाते.